लेहच्या होमस्टेला कुठला फोम मारावा? आधी खोलीतली वाफ कुठं जाते ते बघा

नमस्कार सुभेदार साहेब,

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्या मंडळींना कळावं म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही खानापूर तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. लडाख स्काउट्समधल्या जुन्या दोस्ताबरोबर, लेहजवळच्या त्याच्या जागेत सहा खोल्यांचं होमस्टे बांधताय आणि ते हिवाळ्यातही चालवायचंय. भिंती सिमेंट ब्लॉकच्या, वर लोखंडी फ्रेम, कलर कोटेड पत्रा आणि आतून प्लायवूडचं सीलिंग. उष्णता अडवायला छताला आतून कुठला स्प्रे फोम मारावा, असं विचारता. एक पुरवठादार म्हणतो ओपन सेल फोम स्वस्त पडतो, दोन इंच पुरे. यूट्यूबवरचे कॅनडावाले म्हणतात क्लोज्ड सेलशिवाय काही मारूच नका. शिवाय बेळगावहून मशीन आणि पोरं न्यावीत का, आणि जांबोटीजवळच्या गावच्या कौलारू घरालाही तोच फोम चालेल का, असे आणखी दोन प्रश्न आहेत.

या सगळ्यात तुम्ही सहज लिहून गेलेली एक ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. नोकरीत असताना ज्या पत्र्याच्या हटमध्ये राहत होता, तिथं रात्री छताच्या आत बर्फाचा पापुद्रा धरायचा आणि दुपारी ऊन पडलं की अंथरुणावर पाणी ठिबकायचं. पत्रा कुठं गळतोय ते सगळे शोधत राहायचे. साहेब, पत्रा गळत नव्हता. ते पाणी आतलंच होतं, झोपलेल्या माणसांच्या श्वासातलं आणि स्टोव्हवरच्या किटलीतलं. तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. खोली गरम कशी ठेवायची हा प्रश्न त्यामानानं सोपा आहे. आतली वाफ गार पत्र्यापर्यंत पोचू कशी द्यायची नाही, हे एकदा ठरलं की फोमचा प्रकार आपोआप ठरतो.

मी मूळचा कोल्ड स्टोरेजवाला. उद्यमबागेतले कारखान्यांचे पत्रे, अथणीकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, दुधाची चिलिंग सेंटर, केळी पिकवायच्या खोल्या, अशी कामं करत आलो. पुढं हिमाचलमध्ये सफरचंदाच्या स्टोअरची आणि लडाखमध्ये इमारतींची कामं केली. आमच्याकडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आत ४ अंश आणि बाहेर उन्हाळ्यात ३५-३८, पावसाळ्यात हवा ओलीचिंब. म्हणजे वाफ बाहेरून आत घुसायला बघते, म्हणून वाफरोधक थर पफच्या, म्हणजे पॉलियुरेथेन फोमच्या, बाहेरच्या अंगाला लागतो. लेहला हिवाळ्यात याच्या बरोबर उलट. आत १८ अंश, बाहेर उणे १५ किंवा त्याहूनही खाली, आणि वाफ आतून बाहेर धावते. तिथं अडवणूक आतल्या, उबदार अंगाला हवी. आपल्या भागातला चांगला कारागीरसुद्धा सवयीनं इथलीच पद्धत तिथं लावतो आणि पहिल्याच हिवाळ्यात छत ओलं होतं. वाफ नेहमी गरम बाजूकडून गार बाजूकडं जाते, एवढं पक्कं धरून पुढं वाचा.

ही वाफ असते तरी किती? दोन माणसं रात्रभर एका खोलीत झोपली की श्वास आणि अंगातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. एक किलो एलपीजी जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणून बिनधुराड्याचा गॅस हीटर खोली गरम करतो तशी ओलीही करतो. आतली हवा १८ अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर तिचा दवबिंदू सव्वासात-साडेसात अंशांच्या आसपास येतो. त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडणार. तुमचा पत्रा रात्री उणे १५ असेल तर पाणी नव्हे, थेट बर्फच. भात शिजताना झाकणाच्या आतून थेंब धरतात, तसलंच हे.

आता फोम. दोन्ही प्रकार एकाच कुळातले. एका ड्रममध्ये आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिओल आणि त्यातच फुगवणारा वायू, कॅटलिस्ट, फायर रिटार्डंट. गनच्या तोंडाशी दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून पत्र्यावर पडतं आणि काही सेकंदांत फुगतं. फरक आतल्या पेशींचा. ओपन सेलमध्ये पेशी फुटलेल्या, एकमेकींना जोडलेल्या. तो मऊ असतो, घनता साधारण ८ किलो प्रति घनमीटर, आत साधी हवा. क्लोज्ड सेलमध्ये ९० टक्क्यांहून जास्त पेशी बंद, आत वायू कोंडलेला. घनता ३२ ते ४० किलो आणि हाताला कडक. उष्णता अडवण्याच्या बाबतीत एक इंच क्लोज्ड सेल म्हणजे जवळजवळ पावणेदोन इंच ओपन सेल. आकड्यातच हवं तर क्लोज्डची औष्णिक वाहकता ०.०२४ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास, ओपनची ०.०३८ ते ०.०४; आकडा जितका लहान तितकं चांगलं.

पण लेहसाठी निकाल लागतो तो वाफेवर. ओपन सेल हवा अडवतो, वाफ अडवत नाही. ती त्यातून आरामात चालत जाते आणि पलीकडच्या पत्र्यावर जाऊन गोठते. क्लोज्ड सेल दोन इंचांच्या पुढं स्वतःच वाफेला बऱ्यापैकी रोखतो, शिवाय पत्र्याला चिकटून बसतो, मध्ये फट राहत नाही. गार पत्रा आणि ओली हवा यांची गाठच पडत नाही.

म्हणून पत्र्याच्या छताला माझं उत्तर क्लोज्ड सेल. यात मी 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणणार नाही. ओपन सेल वाईट आहे असं नव्हे. खोल्यांमधल्या लाकडी पार्टिशनमध्ये आवाज अडवायला तो छान. छत श्वास घेणारं असेल आणि आतून वाफरोधक थर शिस्तीत बसवला असेल, तर थंड प्रदेशातही लोक तो वापरतात. पण तुमच्या छताची बाहेरची कातडी म्हणजे पत्रा. लडाखचं जुनं घर बघा: पॉप्लरच्या तुळया, वर विलोच्या काड्या, त्यावर मातीचा जाड थर. त्यात थोडी वाफ शिरली तरी तिथल्या कोरड्या हवेत ती बाहेर सुकून जाते. पत्र्यातून काहीच सुकत नाही. एकदा आत अडकलेलं पाणी परत आतल्या बाजूनंच निघणार, आणि वाटेत तुमचं प्लायवूड आहे.

जाडी किती, हे मात्र परिस्थितीवर आहे. तुमच्या छताचं क्षेत्रफळ तुम्ही दिलेलं नाही, म्हणून १०० चौरस मीटर धरून हिशोब मांडतो. आत १८, बाहेर उणे १५, म्हणजे फरक ३३ अंशांचा. नुसता पत्रा आणि प्लायवूड असेल तर एकट्या छतातून ११ किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते. २५ मिलिमीटर क्लोज्ड सेल मारला की ती अडीच-पावणेतीन किलोवॅटवर येते. ५० ला सुमारे १,४५० वॅट, ७५ ला १,०००, १०० ला साडेसातशे आणि १५० ला पाचशेच्या थोडं वर. पहिल्या इंचानं सगळ्यात मोठी कमाई दिली, हे खरं. 'दोन इंच पुरे' म्हणणारा माणूस याच आकड्यांवर बोट ठेवतो. आमच्याकडं कारखान्याच्या पत्र्याला दोन इंच म्हणजे चैनच झाली. पण लेहला जळण ट्रकनं घाट चढून येतं आणि हीटिंग सलग सहा-सात महिने चालतं. दोनावरून चार इंचांवर गेलात की छतातून जाणारी उष्णता निम्मी होते, आणि ती बचत इमारत उभी आहे तोवर दर हिवाळ्यात मिळत राहते. मी तिथं छताला १०० मिलिमीटर घेतो. बजेट अगदीच आवळलं तर ७५. ५० वर थांबत नाही.

यावर एक मधला मार्ग सुचवला जातो, तुम्हालाही कोणीतरी सुचवेलच: पत्र्याला ५० मिलिमीटर क्लोज्ड सेल मारा आणि त्याखाली १०० मिलिमीटर ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर, भरा. स्वस्तात सहा इंच. कागदावर उष्णतेचा हिशोब उत्तम दिसतो. पण फोम आणि ग्लासवूल जिथं भेटतात, तिथलं तापमान काढा. बाहेर उणे १५ असताना ते शून्याच्याही किंचित खाली येतं. ग्लासवूल वाफ अजिबात अडवत नाही, म्हणजे साडेसात अंश दवबिंदूची हवा शून्य अंशाच्या फोमला जाऊन भिडणार. गळती पत्र्याखालून निघाली आणि ग्लासवूलच्या पोटात आली, एवढंच. हीच जोडी १०० क्लोज्ड आणि ७५ ग्लासवूल अशी केली, तर सांध्याचं तापमान सात अंशांपर्यंत चढतं, म्हणजे दवबिंदूच्या काठावर. थोडक्यात, तेवढ्या थंडीत उष्णतेच्या एकूण अडवणुकीतला किमान दोन तृतीयांश वाटा गार बाजूच्या क्लोज्ड सेलचा हवा. तो तसा ठेवणार असाल आणि आतून वाफरोधक थरही देणार असाल, तर जोडीला माझी हरकत नाही. नाहीतर सरळ एकाच फोमनं जाडी पुरी करा.

याहून जास्त वेळा फसगत होते ती पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर. पर्लिनच्या मधल्या जागेत फोम भरून घेतात आणि लोखंडाची खालची कड उघडी सोडतात, कारण तिथंच सीलिंगची फ्रेम अडकवायची असते. लोखंड उष्णता वाहून नेण्यात फोमच्या दोन हजार पट पुढं. बाहेरची सगळी थंडी त्या कडेतून आत उतरते. जानेवारीत अशा छताखाली उभं राहून वर बघितलंत तर पर्लिनच्या ओळीनं प्लायवूडवर काळपट पट्टे दिसतात, आणि सीलिंगचा एखादा स्क्रू काढला तर त्याच्या टोकाला गंज आणि बर्फाचा कण. म्हणून पर्लिन तिन्ही बाजूंनी फोममध्ये बुडवा, खालच्या कडेवर निदान दीड इंच येऊ द्या. सीलिंगची फ्रेम थेट पर्लिनला न जोडता मध्ये लाकडी ठोकळे द्या, आणि ते फोम मारायच्या आधी लावून घ्या.

इथपर्यंतचं छतापुरतं असं: क्लोज्ड सेल, १०० मिलिमीटर, थेट पत्र्याला, पर्लिनसकट. आता कुठल्या ग्रेडचा आणि तो मारायचा कसा, ते बघू. माझ्या अनुभवात लेहची कामं फोमच्या निवडीपेक्षा इथंच जास्त बिघडतात.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. फोम फुगतो तो वायूच्या जोरावर, आणि त्याला दाबून धरणारी हवाच विरळ. त्यामुळं बेळगावात ३५ किलो घनता देणारं तेच मटेरियल तिथं जास्त फुगतं आणि हलकं उतरतं. फुगलेला फोम बघून मालक खूश होतो, पण पेशींच्या भिंती पातळ झालेल्या असतात. थंडीत तो आकसतो आणि पत्र्यापासून सुटायला लागतो. म्हणून पुरवठादाराला पहिलंच सांगा की काम ३,५०० मीटरवर आहे, त्या उंचीला घनता ३५ च्या खाली उतरता कामा नये. ज्याला हा प्रश्नच नवा वाटेल, त्याच्याकडून घेऊ नका.

वायू कुठला तेही विचारा. पूर्वी आपल्याकडं सगळा पफ एचसीएफसी-१४१बी वर चालायचा. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून भारतानं १ जानेवारी २०२० पासून त्याची आयात बंद केली. आता एचएफओ, एचएफसी किंवा पाण्यावर फुगणारे प्रकार मिळतात. एचएफओ मला सगळ्यात बरा वाटतो, वातावरणालाही त्याचा त्रास जवळजवळ नाही. मात्र या नव्या वायूंचा उत्कलनबिंदू खाली आहे. एचएफओ-१२३३ झेडडी सपाटीवर १९ अंशांना उकळतो, आणि उंचीवर त्याच्याही बराच आधी. मनालीकडून जाणारा ट्रक तांगलांग ला ही खिंड ओलांडतो तेव्हा तो ५,३०० मीटरवर असतो. उन्हात तापलेला पॉलिओलचा ड्रम पोचल्यापोचल्या उघडला की फेसाळून अंगावर येतो आणि वायू उडून जातो तो वेगळाच. ड्रम सावलीत गार होऊ द्यावा, बूच हळूहळू सैल करावं. उलट आयसोसायनेट थंडीत दाटतो, त्यात खडे धरतात. त्याला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. पाण्याशी त्याची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो ड्रम घट्ट बंद असेल तर फुटू शकतो.

काम जून ते सप्टेंबरमध्येच उरका. तेव्हाही सकाळी पत्र्यावर दव असतं किंवा तो नुसताच गार असतो. ओल्या पत्र्यावर फोम चिकटल्यासारखा दिसतो, चिकटत नाही. गार पत्रा रसायनांची उष्णता ओढून घेतो, मग पहिला थर ठिसूळ होतो. दुपारी तोच पत्रा उन्हानं इतका तापतो की फोम भसकन फुगून आत पोकळ्या धरतो. हातात इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा. पत्रा दवबिंदूच्या निदान ३ अंश वर आणि डेटा शीटवर दिलेल्या मर्यादेत असेल तेव्हाच गन चालू. साधारण सकाळचे दहा ते दुपारपर्यंतचा वेळ चांगला मिळतो. एका वेळी दोन इंचांहून जाड थर मारू देऊ नका. क्रिया होताना आत भरपूर उष्णता तयार होते. जाड थराच्या पोटात ती अडकली की फोम करपतो आणि क्वचित तासाभरानं पेटतोही. पहिला थर गार झाला की दुसरा. वाऱ्याच्या दिवशी तर काम बंदच ठेवायचं.

नव्या पत्र्यावर कारखान्यातल्या तेलाचा पातळ थर असतो, तो पुसून घ्या. मग कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना मारा आणि दुसऱ्या दिवशी तो हातानं उपटा. फोम मधून फाटून पत्र्यावर त्याचा थर चिकटून राहिला, तर काम पुढं न्या. पापड सुटावा तसा पत्रा स्वच्छ ठेवून अख्खा निघाला, तर प्रायमर लागेल. आणखी एक तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. १०० मिलिमीटर पुरे झालेल्या फोममधून १० सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा धारदार सुरीनं कापून काढा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. तो बरोबर एक लिटरचा असतो, म्हणून जितके ग्रॅम भरेल तितकीच किलोमध्ये घनता. ३५ ते ४० ग्रॅम भरला तर उत्तम. २२-२५ भरला तर तुम्ही फोमचे पैसे देऊन हवा विकत घेतलीत. कापलेली बाजू बोटानं दाबा. चुरा होऊन पडत असेल तर आयसोसायनेट जास्त झालंय. चिकट लागून खोलीत माशासारखा वास राहत असेल तर पॉलिओल जास्त. दोन्हींत तेवढा भाग खरवडून पुन्हा मारून घ्यायचा, वरून थर चढवून झाकू द्यायचा नाही. भोक नंतर बुजवता येतं, त्याची काळजी नको.

बेळगावहून पोरं आणि मशीन नेण्याबद्दल माझा सल्ला नकाराचा आहे. आमची पोरं कामाला वाघ आहेत, पण तिथं पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस कोणी शिडीवर चढायच्या अवस्थेत नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. डिझेल जनरेटर आणि कॉम्प्रेसरची ताकद उंचीवर बरीच घटते. इथं पुरणारा सेट तिथं हीटर आणि होज एकदम ओढू शकत नाही. मग मटेरियल पुरेसं गरम होत नाही आणि मिश्रणाचं प्रमाण बिघडतं. हिमाचल-पंजाबकडचे जे लोक सफरचंदाच्या स्टोअरची कामं करून लडाखला जातात, त्यांना घ्या. दर चौरस फुटावर ठरवू नका. जाडी, घनता आणि क्षेत्रफळ तिन्ही लिहून घ्या. १०० चौरस मीटरला १०० मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, ३५ च्या घनतेनं ३५० किलो, वाया जाणारं धरून ४०० च्या आसपास. उतरवलेल्या ड्रमची वजनं तुमच्या दोस्तानं वहीत मांडली तरी निम्मी देखरेख झाली.

भिंतींना मी स्प्रे फोम सुचवत नाही. ब्लॉकच्या भिंती बाहेरून इन्सुलेट झाल्या तर दिवसभराची ऊब स्वतःत धरून ठेवतात, आणि लेहला हिवाळ्यात ऊन भरपूर असतं. दक्षिणेला मोठ्या काचा ठेवा. फे गावातला सेकमॉल या शिक्षणसंस्थेचा परिसर दोस्ताला घेऊन एकदा बघून या. माती आणि ऊन यांच्यावर इमारत कशी उबदार राहते ते तिथं कळेल. बाहेरून फोम मारला तर तिथल्या उन्हात तो काही महिन्यांत पिवळा पडून भुकटी व्हायला लागतो, वर प्लास्टर किंवा कोटिंग लागतंच. त्यापेक्षा बाहेरून बोर्ड लावून जाळीवर प्लास्टर करणं किंवा स्थानिक गवंड्याकडून मातीच्या विटांची दुसरी भिंत उभी करणं बरं. स्प्रे फोम वाचवून ठेवा तो भिंत आणि छताच्या सांध्याला, खिडकीच्या चौकटीभोवती, पाइप बाहेर जातात तिथं. गार वारा तिथूनच शिरतो.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. फोम मारला की खोली घट्ट बंद होते. जुन्या घरात फटींतून हवा येत होती म्हणून लोक बुखारी, म्हणजे खोली तापवायची लोखंडी शेगडी, पेटवून झोपत होते आणि सकाळी उठत होते. या खोलीत तसं चालणार नाही. धुराडं नसलेली शेगडी, कोळशाची अंगीठी किंवा गॅस हीटर पाहुण्यांच्या खोलीत ठेवूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस जागा होत नाही. बुखारीच हवी तर धुराडं पक्कं, आणि तिला लागणारी हवा बाहेरून वेगळ्या पाइपनं. धुराड्याभोवती निदान एक फूट फोम नको, तिथं न जळणारी रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) आणि पत्र्याची कॉलर. प्रत्येक खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, प्रत्येक बाथरूमला एक्झॉस्ट, आणि ताजी हवा आत यायला ठरवून केलेली वाट. थोडी उष्णता त्यातून जाईल, जाऊ द्या.

'फायर रिटार्डंट' लिहिलेला फोमही जळतो, फक्त पेट घ्यायला थोडा उशीर करतो, आणि त्याचा धूर विषारी असतो. म्हणून तो उघडा ठेवायचा नाही. नुसतं प्लायवूडही पुरत नाही. फोमखाली आधी १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्ड, मग हवं तर शोभेचं प्लायवूड. फ्रेमचं सगळं वेल्डिंग फोमच्या आधी संपलं पाहिजे. नंतर 'एकच क्लिप राहिलीय' म्हणून कोणी वेल्डिंग मशीन आत आणलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि फोम मारणाऱ्या पोरांना नुसता कापडी मास्क नको, बाहेरून हवा पुरवणारा रेस्पिरेटर लागतो. आयसोसायनेटचा दमा एकदा जडला की माणूस पुन्हा हे काम करू शकत नाही. फोम मारल्यावर २४ तास आत कोणी झोपायचं नाही, चौकीदारसुद्धा नाही.

राहिलं जांबोटीचं घर. तिथं कौलांखाली फोम अजिबात मारू नका. त्या भागातला पाऊस तुम्ही जाणता. दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारावी लागतात, आणि फोमनं सगळी कौलं एकमेकांना व रिपांना चिकटून बसली की एक कौल बदलायला चार फुटतात. गळती झाली तरी पाणी खाली दिसत नाही, फोममागून वाशावर उतरत राहतं. वासा कुजल्याचं कळतं ते तो वाकल्यावर. उन्हाळ्याचा ताप कमी करायचा असेल तर कौलांखाली हवा खेळती ठेवून खाली लाकडी फळ्यांचं सीलिंग करा. मागच्या पडवीला पत्रा असेल तर त्याला इंचभर क्लोज्ड सेल चालेल, त्याहून जास्तीची गरज नाही.

पुढं बोलायचं तर मला तीन गोष्टी पाठवा: छताचा आराखडा पर्लिनच्या अंतरासह, पुरवठादारानं दिलेली डेटा शीट आणि बुखारी नेमकी कुठं बसणार ती जागा. डेटा शीटवर घनता, क्लोज्ड सेलचं प्रमाण आणि फोम जुना झाल्यावरची वाहकता हे तीन आकडे नसतील तर आधी ते मागून घ्या. ताज्या फोमचा आकडा नेहमीच जास्त चांगला दिसतो. फ्रेमचं वेल्डिंग सुरू व्हायच्या आत आराखडा मिळाला तर लाकडी ठोकळे कुठं बसवायचे ते त्यावर खुणा करून देतो.